तसबीर राहिली, मत गेलं

आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे. तसबिरीचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच हायरम रेव्हल्स यांच्या चित्राचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

रेव्हल्स हे अमेरिकेच्या सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सभासद. त्या काळी फोटो थेट वर्तमानपत्रात छापता येत नसे. फोटो पाहून कारागीर लाकडी ठोकळ्यावर चित्र उलटं कोरत, मग ते छापलं जाई. अशा कोरीव चित्रांतून १८७० साली एक धीरगंभीर कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी वाचकांसमोर आला. त्याच वर्षी बोस्टनच्या लुई प्रांग यांनी त्यांची रंगीत शिळाछाप तसबीर काढली. गुलामीतून निसटून नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी तिचं स्वागत केलं, कारण तोवर छापील चित्रांत त्यांच्या समाजाची टवाळीच होत असे.

पण ही खुर्ची कुणी दान दिली नव्हती. यादवी युद्धानंतर, १८६७ च्या कायद्यांनी दक्षिणेतल्या मुक्त गुलामांना मताधिकार मिळाला. त्या मतांतून उभ्या राहिलेल्या मिसिसिपीच्या विधिमंडळाने रेव्हल्स यांना निवडलं. याच राज्याचा सिनेटर जेफरसन डेव्हिस १८६१ मध्ये सिनेट सोडून गुलामीवाद्यांच्या फुटीर सरकारचा अध्यक्ष झाला होता! विरोधकांनी १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल पुढे केला. कृष्णवर्णीय नागरिकच नव्हते, मग सिनेटरला लागणारी नऊ वर्षांची नागरिकता कुठून आणणार, असा त्यांचा सवाल. अखेर २५ फेब्रुवारी १८७० रोजी ४८ विरुद्ध ८ मतांनी रेव्हल्स सभागृहात बसले.

तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला. पुण्यातून त्यांना ती पहाट दिसत होती.

पुढे काय झालं? गोऱ्या टोळ्यांनी दहशत माजवली. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्करी बळ काढून घेतलं. १८९० च्या मिसिसिपीच्या घटनेने मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा लादली. जातीचं नाव न घेता बहिष्कृत करण्याची ही युक्ती आपल्या ओळखीची आहे! याच राज्याचे दुसरे कृष्णवर्णीय सिनेटर ब्लांश ब्रूस १८८१ मध्ये पायउतार झाले. त्यानंतरचा कृष्णवर्णीय सिनेटर सभागृहात बसायला १९६७ उजाडलं, तोही मॅसॅच्युसेट्सचा.

एवढ्यावर थांबले नाहीत. कोलंबिया विद्यापीठातल्या डनिंग यांच्या इतिहासकार परंपरेने त्या काळाला कृष्णवर्णीयांच्या नालायकीचा काळ ठरवलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ याच विद्यापीठात शिकत होते. या खोट्या इतिहासाला १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी ग्रंथ लिहून सणसणीत उत्तर दिलं.

मित्रांनो, रेव्हल्स यांची तसबीर कुणी फाडली नाही. तिच्यामागचं मत हिसकावलं. आपल्या तसबिरींना हार घालणारे आज सगळ्याच पक्षांत आहेत. आपण हार मोजायचे की मतदारयादी तपासायची, संघटना बांधायची आणि आपला इतिहास आपणच लिहायचा?

जय भीम!