श्वास मोजणारे मणी

अलीकडे वऱ्हाडात कुठेही चार माणसे जमली की एक विषय निघतोच. आता म्हणे निदान यंत्र करणार, मग ‘इर्विन’मधली रांग कमी होईल का? अमरावतीचे जिल्हा रुग्णालय लोकांच्या तोंडी अजून इर्विनच आहे आणि अकोल्याचे ‘सर्वोपचार’. सकाळची केसपेपरची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रश्न भाबडा वाटणार नाही. आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्ता घ्यावी की नाही, घेतली तर कशी, यावर मोठ्या शहरांत परिसंवाद झडतात. पण या प्रश्नाला इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या विदर्भात घडलेला आहे.

यंत्राने निदान करावे ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात द डोंबल नावाच्या डॉक्टरांनी तीव्र पोटदुखीच्या रोग्यांची माहिती संगणकाला पुरवली आणि १९७२ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. ३०४ रोग्यांत संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर निघाले. तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्के. आता वाटेल, संपला वाद! पण पुढे असे दिसले, की एका ठिकाणच्या रोग्यांवर शिकलेले गणित दुसऱ्या ठिकाणी तितके चालत नाही. अपेंडिक्स सगळीकडे सारखेच दुखत असेल. पण रोगी ते कसे सांगतो आणि डॉक्टर ते कसे टिपून घेतो, हे गावोगाव बदलते.

आता आपल्याकडे येऊ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग केला. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. डॉक्टर दूर, स्टेथोस्कोप दूर. श्वास भरभर चालत असेल तर न्यूमोनिया समजावा, हे वैद्यकाला ठाऊक होते. पण ज्या दाईला साठापर्यंत अंक मोजता येत नाहीत, तिने काय करावे? म्हणून एक साधे उपकरण आले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर मूल आजारी. औषध सुरू करायचे. डॉक्टर नसलेल्या माणसाने अँटिबायोटिक द्यावे का, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. तो चर्चेने नव्हे, मोजणीने सोडवला गेला. काही गावांत उपचार आणि काही गावे तुलनेसाठी, अशी रीतसर पाहणी झाली आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू उपचाराच्या गावांत ८.१, इतर गावांत १७.५.

मला या मण्यांचे फार अप्रूप वाटते. डॉक्टरचे शहाणपण त्यात उतरवलेले होते, म्हणजे एका अर्थी तीही कृत्रिम बुद्धीच. फरक एवढाच, की निर्णय कसा झाला हे दाईला डोळ्यांनी दिसत होते आणि निर्णयानंतरचे औषध तिच्या पिशवीत होते.

दुसरी गोष्ट आपल्या अमरावती जिल्ह्यातली. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मेळघाटातले हरिसाल हे देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. इंटरनेट आले, आरोग्य केंद्रात पडद्यावरून दूरच्या डॉक्टरशी बोलण्याची सोय आली. गावाचे नाव देशभर झाले. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी त्याच हरिसालचे चित्रण सभांतून दाखवून हे दावे खोटे असल्याचा आरोप केला आणि मोठा वाद झाला. त्या राजकारणात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते, की वाद ‘सोय आहे की नाही’ यावर झाला. त्या पडद्यामुळे किती रोगी बरे झाले, किती बाळंतिणी वेळेवर हलवल्या गेल्या, हे सभेत कुणी विचारले नाही. गडचिरोलीसारखी मोजणी आधीच जाहीर असती, तर व्यासपीठावरून भांडायला जागाच उरली नसती.

मोजणीचे मात्र आपल्याकडे वाकडे आहे. डॉ. बंग आणि सहकारी संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदीत येतच नाही, हे त्यातून पुढे आले. आजचे हुशार यंत्र शिकते ते अशाच नोंदींवरून. रजिस्टरमध्ये जे मूल मेलेच नाही, त्याच्यापासून यंत्र काय शिकणार?

आणि नोंद फक्त कागदाची नसते, अंगाचीही असते. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची पहिली झळ अमरावती-अकोल्याला बसली, टाळेबंदी झाली, घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसले होते, की रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असताना ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. आपण ती आकडी पाहूनच घरी थांबायचे की खाट शोधायची हे ठरवत होतो.

यात मला, कविता लिहिणाऱ्या माणसाला, सर्वांत जास्त सतावते ती भाषा. आमच्याकडची बाई डॉक्टरला ‘अंगात कणकण आहे’ म्हणते, ‘जीव कसनुसा होते’ म्हणते. माझ्या मोहल्ल्यातली म्हातारी ‘जी घबराता है’ म्हणते. ते हृदयाचे दुखणे असेल, अपचन असेल किंवा नुसती सुनेची काळजीही असेल. मेळघाटातली कोरकू तर मराठीची बहीणही नाही. तिचे कूळ मुंडा भाषांचे. पुण्या-मुंबईच्या रोग्यांवर शिकलेल्या यंत्राला कोरकू आईचे बोलणे कोण समजावणार? तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी आशाताई हे काम आज करते. यंत्र आले की तिचे काम कमी होते की तिच्या हाती आणखी एक मोबाइल आणि भरायला आणखी एक रकाना येतो, हे आधी तिलाच विचारावे.

माझे मत विरोधाचे नाही. क्षयरोगाचेच पाहा. छातीच्या एक्स-रेवरून संशयित ओळखणारी संगणक प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही फक्त १५ वर्षांवरील रोग्यांसाठी. क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या तालुक्याला हे वरदानच आहे, घ्यावे. पण मुलांसाठी वापरू नये, हेही त्याच दमात सांगावे. थायलंडमध्ये डोळ्यांचा पडदा तपासणारे गूगलचे यंत्र दवाखान्यांत नेले, तेव्हा पाचांतले एक छायाचित्र त्याने नाकारले. खोलीतला उजेडच पुरेसा नव्हता. प्रयोगशाळेत हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये यासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत रोग्याची संमती आहे, माणसाची देखरेख आहे, जबाबदारीही आहे. ती जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत आणि धारणीत कोरकूत लागली पाहिजेत.

आणि खरेदीच्या कागदावर आणखी दोन ओळी असाव्यात. यंत्र चुकले तर सही कुणाची? आणि त्याने ‘रेफर करा’ म्हटले, की धारणीहून अमरावतीपर्यंतच्या घाटवाटेला रात्री गाडी कोण देणार?