वादळाचं घड्याळ कुलाब्यात लागलं

सूर्यावर मोठा उद्रेक झाला, त्याचा लोट पृथ्वीवर येऊन आदळला, की ते वादळ किती तीव्र होतं हे शास्त्रज्ञ एका आकड्यात सांगतात. त्याला डीएसटी निर्देशांक म्हणतात. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली तांबडी झाक टिपली, तेव्हा हा आकडा उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास उतरला होता. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली, तेव्हा तो उणे ५८९ होता. होनोलुलू, सान हुआन, हर्मानस आणि काकिओका इथल्या नोंदींवरून तो काढतात आणि जपानमधल्या क्योटोतून जाहीर करतात. १९६४ मध्ये सुगिउरांनी तो मांडला, त्यांच्या आधी सिडनी चॅपमन, असं त्याचं कूळ सहसा सांगितलं जातं. पण चॅपमन यांच्याही मागे मुंबईचे एक पारशी गृहस्थ उभे आहेत. ते सापडल्यापासून ही वंशावळ मी मुंबईपासूनच सांगू लागलो आहे.

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ चा. एल्फिन्स्टन, पुणे आणि एडिंबरो इथे शिकून ते १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. मूस यांच्या हाती आला तो या नोंदींचा अर्धशतकाचा ढीग.

त्यात एक अडचण होती. चुंबकसूची वादळ नसतानाही रोज थोडी हलते, कारण दिवसा वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह वाहतात. ही हालचाल स्थानिक घड्याळाप्रमाणे चालते. वादळाला असं घड्याळ नसतं; ते पहाटे येईल, नाहीतर भर दुपारी. सगळ्या नोंदी तासवार लावून सरासरी काढली, तर वादळं एकमेकांत मिसळून पुसली जातात. मूस यांनी प्रत्येक वादळाची सुरुवात हाच शून्य तास धरला आणि मग वादळं एकावर एक ठेवली. त्याबरोबर सगळ्यांचा एकच चेहरा दिसला: आधी एक झटका आणि किंचित चढण, मग काही तास खोल घसरण, आणि त्यानंतर दिवसेंदिवस चाललेली सावकाश भरपाई. १९१० मध्ये त्यांनी हे सगळं दोन भागांच्या जाडजूड ग्रंथात मांडलं. चॅपमन यांनी पुढे हीच रीत अनेक वेधशाळांच्या नोंदींना लावली, आणि डीएसटी त्यातूनच आला.

ही घसरण कशाची, ते आता ठाऊक आहे. सौरवाऱ्याचा जोरदार लोट आला की पृथ्वीचं चुंबकीय कवच दाबलं जातं. ती सुरुवातीची चढण. लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणमुखी असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, कवचाला जणू दार उघडतं आणि रात्रीच्या बाजूचा प्लाझ्मा आत ढकलला जातो. त्यातले धन कण पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन्ही मिळून विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडे वाहणारा विजेचा एक प्रचंड वेढा तयार होतो. त्याचं क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडतं, म्हणून सूचीवरचं आडवं बळ घटतं.

वादळाचा चेहरा प्रथम ओळखल्याच्या मानावर दुसरे दावेदार आहेत आणि ते हलके नाहीत. नॉर्वेच्या स्टोर्मर यांनी पृथ्वीभोवतीच्या अशा वेढ्याची कल्पना त्याच सुमारास मांडली होती. पण ती गणितातून आली होती, वादळांच्या नोंदींतून नव्हे. खरा प्रतिस्पर्धी तिरुवनंतपुरमचा. तिथल्या वेधशाळेचे जॉन अ‍ॅलन ब्रून यांनी १८६१ मध्येच दाखवलं होतं की आडवं बळ जगभर एकाच वेळी कमीजास्त होतं. हा शोध मूस यांच्याआधीचा आणि मोठा, यात वाद नाही. पण वादळाच्या सुरुवातीला शून्य धरण्याची युक्ती ब्रून यांची नव्हे. शिवाय तिरुवनंतपुरम चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने डोक्यावरूनच दिवसाचा एक जोरकस प्रवाह वाहतो आणि वेढ्याचा आवाज त्यात बुडतो. युरोपात तोच गोंधळ ध्रुवीय प्रकाशाचे प्रवाह घालतात. मुंबई या दोन्हींपासून बेताच्या अंतरावर आहे. वादळाचा चेहरा कुलाब्यात दिसला, यात मूस यांच्या बुद्धीबरोबर जागेचाही वाटा आहे.

माझं खरं लाडकं अनुमान ट्रामबद्दल आहे. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. ती येणार हे आधीच दिसत होतं, आणि रुळांतून वाहणारी वीज सूचीला भरकटवणार हेही. म्हणून अलिबागला पोरबंदरच्या दगडातली, लोखंड वर्ज्य केलेली नवी वेधशाळा बांधली गेली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन दुवा जुळवला आणि मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. मूस यांच्या ग्रंथाचा आवाका आहे १८४६ ते १९०५. मालिका चालू असताना कोण हिशेब मांडायला बसतो? खातं बंद होतं तेव्हाच बेरीज होते. ट्राम आली नसती तर हा ग्रंथ असा झाला नसता, असं मी ठामपणे म्हणतो.

कुलाब्याची सर्वांत गाजलेली नोंद मात्र मूस यांच्या जन्मवर्षातली. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांजवळ पांढरा लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी, म्हणजे २ सप्टेंबरला, वादळ पोचलं. क्यू वेधशाळेतलं यंत्र छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ काढणारं होतं. रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात माणूस डोळ्यांनी मोजपट्टी वाचत असे, आणि खळबळ दिसली की तासाऐवजी पंधरा किंवा पाच मिनिटांनी. म्हणून ती घसरण आपल्याकडे उरली: सुमारे १६०० नॅनोटेस्ला. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अलेक्स यांनी तिच्या आधारे वादळाची तीव्रता उणे १७६० च्या घरात नेली.

यावर आक्षेप आले. अकासोफू आणि कामिदे यांनी २००५ मध्ये विचारलं, की ही घसरण वेढ्याची असेल कशावरून? ती फार झटपट भरून आली, आणि वेढा इतक्या घाईने विरत नाही. सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तासाची सरासरी घेतली, कारण डीएसटी तासाचाच असतो; आकडा उणे ८५० वर आला. मला सिस्कोंचं म्हणणं पटतं. त्या सुळक्यात इतर प्रवाह मिसळले असणारच. तरीही ८५० हा क्वेबेक अंधारात घालवणाऱ्या वादळाच्या जवळजवळ दीडपट भरतो.

भारताचं आदित्य एल-१ यान सूर्याकडे निघालं तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ मध्ये. पंधरा लाख किलोमीटरवरून ते सौरवारा मोजतं, आणि जमिनीवर अलिबागची वेधशाळा अजून नोंदी घेते. डीएसटीच्या कुळात सुगिउरा आणि चॅपमन यांच्या आधी मूस यांचं नाव लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून सुरू व्हावं.