अंदाज आणि इशारा : मार्च महिन्यातील तीन हिमवादळे

पुण्यात काही काळ राहिलेल्या वाचकांना ‘सिमला ऑफिस’ हे नाव सांगावे लागत नाही. शिवाजीनगरच्या रिक्षावाल्यापासून पेन्शनरांपर्यंत सारेजण हवामान खात्याच्या त्या जुन्या कचेरीला याच नावाने ओळखतात. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि १९४४ साली दिल्लीस गेले. नाव मात्र मागे राहिले. ज्या शहरात बर्फ फक्त रसवंतीगृहात दिसतो, त्या शहरातल्या चौकाला हिमालयातल्या गावाचे नाव मिळावे, याचे आम्हा बदलीच्या नोकरीतल्या मंडळींना फारसे नवल वाटत नाही. बदली झालेला माणूस जुन्या गावाचे काहीतरी बरोबर घेऊन येतोच.

आजचा विषय बर्फाचाच आहे. तोही हिवाळा सरत आल्यावर, वसंताच्या तोंडावर पडणाऱ्या बर्फाचा. अशा बर्फाचा अंदाज वर्तविणे विशेष अवघड असते. ऐन थंडीत पारा गोठणबिंदूच्या बराच खाली असतो, त्यामुळे जे पडेल ते बर्फच. मार्चमध्ये पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि एका अंशाच्या फरकाने बर्फाचे पावसात किंवा गोठलेल्या थेंबांत रूपांतर होते. ढोबळ हिशेबाने एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो; म्हणजे एका अंशाची चूक जमिनीवर फुटाच्या हिशेबात दिसते. त्यातच प्रशासनाच्या आणि लोकांच्या मनाने हिवाळा केव्हाच आवरता घेतलेला असतो. म्हणूनच अंदाज आणि इशारा यांतील नाते पाहायचे तर हे उशिराचे हिमवादळ हा उत्तम नमुना आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अशा तीन वादळांची हकीकत येथे सांगतो. तिन्ही मार्च महिन्यातलीच आहेत.

पहिले वादळ १८८८ सालचे. त्या काळी अमेरिकेतील हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल सर्व्हिसकडे होते. ठिकठिकाणची निरीक्षणे तारेने येत, त्यांवरून नकाशा तयार होई आणि अंदाज पुन्हा तारेनेच वृत्तपत्रांकडे जाई. १० मार्चचा शनिवार न्यूयॉर्कमध्ये उबदार होता. पुढील अंदाज किरकोळ पावसाचा आणि त्यानंतर निवळत जाणाऱ्या आकाशाचा होता. रविवार हा विश्रांतीचा वार असल्याने कचेरीचे काम शनिवारी रात्री थांबले, ते रविवारी सायंकाळपर्यंत. वादळाने मात्र रविवार पाळला नाही. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला आणि सोमवारी १२ तारखेस लोक नेहमीप्रमाणे कामावर जाण्यासाठी घराबाहेर पडले, तेव्हा वाऱ्याने रस्ते बुजविण्यास सुरुवात केली होती. शहरात सुमारे २१ इंच बर्फ पडला, तर उत्तरेकडील ऑल्बनीत ४६ इंचांहून अधिक. उन्नत मार्गावरील आगगाड्या जागच्या जागी अडकल्या. तारा तुटल्या आणि न्यूयॉर्कचे बॉस्टनशी बोलणे अटलांटिकखालच्या केबलने लंडनमार्गे करावे लागले. माजी सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग हे वॉल स्ट्रीटवरील कचेरीतून आपल्या क्लबपर्यंत त्या बर्फातून चालत गेले. त्या श्रमाने ते आजारी पडले आणि १८ एप्रिलला निवर्तले. एकंदर मृत्यू चारशेच्या वर मानले जातात आणि त्यांतील सुमारे दोनशे एकट्या न्यूयॉर्क शहरातील होते.

येथे अंदाज चुकला हे खरे. त्या वेळी समुद्रावरून निरीक्षणे येत नव्हती, तेव्हा केवळ अंदाज करणाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु प्रशासक म्हणून माझे लक्ष वेधले जाते ते कचेरीच्या वेळापत्रकाकडे. रविवारी चूक उमगली असती, तरी ती सांगणारा आणि ऐकणारा कोणी जागेवर नव्हता. पुढे १८९० च्या कायद्याने हे काम लष्कराकडून काढून कृषी खात्याखालील नव्या वेदर ब्यूरोकडे देण्यात आले आणि १८९१ च्या जुलैपासून तो ब्यूरो कामास लागला. तारा जमिनीखाली घालण्याच्या आणि भुयारी रेल्वेच्या मागणीलाही या वादळाने जोर आला. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे प्रत्यक्षात धावली ती १९०४ साली. संकटातून धोरण निघते, पण फाईल सोळा वर्षे फिरते, हा अनुभव केवळ आपलाच नाही.

दुसरे वादळ १९९३ चे, १२ ते १४ मार्चचे. तोवर उपग्रह आणि महासंगणक आले होते. निरनिराळ्या केंद्रांची गणिती प्रारूपे दररोज पुढील काही दिवसांचे चित्र रेखाटत. मेक्सिकोच्या आखातावर अजून काहीही दिसत नसताना या प्रारूपांनी एका प्रचंड वादळाची सूचना दिली. अंदाजकर्त्यांनी अमेरिकन, युरोपीय आणि ब्रिटिश प्रारूपे शेजारी शेजारी मांडून पाहिली. चित्रे पुष्कळशी जुळत होती. वसंत तोंडावर असताना शतकात एखादेच घडावे असे वादळ जाहीर करायचे, म्हणजे हसे होण्याची तयारी ठेवणे होते. तरीही राष्ट्रीय हवामान सेवेने सुमारे पाच दिवस आधी सूचना दिली आणि काही राज्यपालांनी बर्फाचा एक कणही पडण्यापूर्वी आणीबाणी पुकारली. वादळ आले. दक्षिणेत अलाबामातील बर्मिंगहॅमला १३ इंच, तर सिराक्यूजला ४० इंचांहून अधिक बर्फ पडला. पूर्वेकडील सर्व मोठे विमानतळ कधी ना कधी बंद राहिले. मृत्यू सुमारे २७० झाले. एवढ्या विस्ताराच्या वादळात हा आकडा किती तरी मोठा होऊ शकला असता.

मात्र याच यशाच्या पोटात एक अपयश दडलेले आहे. साऱ्यांचे डोळे बर्फावर खिळलेले असताना फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी समुद्र चढून आला. काही ठिकाणी पाणी बारा फुटांच्या आसपास पोहोचले आणि बेसावध माणसे बुडाली. वादळाचा अंदाज बरोबर होता, पण त्या किनाऱ्यावरील माणसाला जो इशारा हवा होता तो पुरेसा मिळाला नाही. अंदाज आकाशाविषयी असतो. इशारा मात्र एका विशिष्ट ठिकाणच्या माणसासाठी असतो आणि त्याला काय करावयाचे ते सांगतो.

तिसरे वादळ १४ मार्च २०१७ चे. या वेळेपर्यंत प्रारूपांची तुलना ही केवळ तज्ज्ञांची गोष्ट उरली नव्हती. अमेरिकन आणि युरोपीय प्रारूपांचे नकाशे हवामानाचा नाद असलेले शाळामास्तर, विद्यार्थी, निवृत्त कारकूनही घरबसल्या पडताळून पाहत. न्यूयॉर्कसाठी एक ते दीड फुटाहून अधिक बर्फाचा अंदाज आणि हिमवादळाचा इशारा जाहीर झाला होता. सोमवारी दुपारी मात्र उष्ण हवा अपेक्षेहून आत घुसेल आणि शहरात बर्फाऐवजी गोठलेले थेंब पडतील, अशी लक्षणे दिसू लागली. हवामान सेवेच्या अधिकाऱ्यांनी विचारविनिमय केला आणि आकडे मोठेच ठेवण्याचे ठरविले. शेवटच्या क्षणी आकडा उतरविला तर धोका टळला असे समजून लोक बाहेर पडतील, ही त्यांची भीती होती. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये ७.६ इंच बर्फ पडला. राज्याच्या अंतर्भागात बिंगहॅम्टनला मात्र तो ३० इंचांच्या वर गेला. आकडे जाणूनबुजून न बदलल्याची कबुली अधिकाऱ्यांनी वृत्तसंस्थेला दिली, तेव्हा वादळाहून मोठा वाद उठला. ज्या हौशी मंडळींनी सोमवारीच नकाशे पाहिले होते, त्यांना तर सरकारी आकडा आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेले चित्र यांतील अंतर आधीच कळले असणार.

ही हकीकत वाचताना मला माझाच एक जुना कागद आठवला. नव्वदच्या दशकात हिमालयातील एका जिल्ह्यात मी प्रतिनियुक्तीवर होतो. मार्चअखेरीस पश्चिमी विक्षोभामुळे घाटात बर्फवृष्टीची ‘शक्यता’ असल्याचा फॅक्स आला. लोक गांभीर्याने घेणार नाहीत, म्हणून परिपत्रकाच्या मसुद्यात मी ‘शक्यता’ खोडून ‘खात्री’ लिहिले. ट्रकवाले दोन दिवस थांबून राहिले आणि आकाश निरभ्र राहिले. एप्रिलमध्ये पुन्हा तसाच फॅक्स आला. या वेळी मी शब्द जसाच्या तसा ठेवला. कोणी थांबले नाही आणि काही ट्रक दोन रात्री बर्फात अडकले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. रस्ता मोकळा झाल्यावर एका वयस्क चालकाने मला नम्रपणे विचारले, ‘साहेब, खात्री होती तेव्हा काही पडलं नाही, नुसती शक्यता होती तेव्हा एवढं पडलं. आता तिसऱ्या वेळी आम्ही काय समजायचं?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर अर्थशास्त्राच्या वर्गात मी शिकलो होतो, फक्त ते मला लागू करता आले नाही. समजा, बागेचा मोहोर झाकण्यास दोन हजार रुपये लागतात आणि न झाकल्यास पन्नास हजारांचे नुकसान होते. अशा बागाईतदाराने चार टक्के शक्यतेलाही हातपाय हलविणे शहाणपणाचे आहे. ज्या ट्रकमालकाचा थांबण्याचा खर्च आठ हजार आणि अडकण्याचे नुकसान वीस हजार, त्याने चाळीस टक्क्यांच्या खाली थांबण्याचे कारण नाही. एकच आकाश, पण प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. मी शक्यतेची खात्री केली, तेव्हा सर्वांचा हिशेब मी एकट्याने, आणि चुकीचा, करून टाकला.

आपल्याकडेही या मोहाचा इतिहास जुना आहे. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातील बर्फ आणि हिंदुस्थानातील कोरडी वर्षे यांचा संबंध मांडला. वसंतात उशिरापर्यंत भरपूर बर्फ पडला तर पुढचा पावसाळा हात आखडता घेतो, असा त्याचा मथितार्थ. त्या आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज रीतसर निघू लागले. १८९९ साली मात्र त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांचा चांगल्या पावसाचा अंदाज साफ चुकला आणि राजस्थान-गुजरातेत आजही ‘छप्पनिया’ म्हणून सांगितला जाणारा दुष्काळ पडला. वृत्तपत्रांनी टीका केली. त्यानंतर काही वर्षे अंदाज सरकारपुरते गोपनीय ठेवण्यात आले. चुकलेल्या अंदाजावर सरकारला सुचलेला उपाय म्हणजे तो झाकून ठेवणे!

आता हवामान खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देते. रंगाने काय करावे ते सांगावे, सावधगिरीसाठी तो एक पायरी वरचा लावला तरी हरकत नाही. मात्र त्याचे कारण सोबत लिहावे. आकड्याला हात लावू नये. इशारा हा आमचा निर्णय असतो, त्याची जबाबदारी आम्ही घ्यावी. अंदाज हे ज्ञान असते, ते लोकांचे आहे.

त्या परिपत्रकाची कार्यालयीन प्रत अजून माझ्यापाशी आहे. ‘शक्यता’ या शब्दावरची तिरकी रेघ माझ्याच हातची आहे.