श्योग्रेन विकारातील स्वयंप्रतिपिंडे

श्योग्रेन विकारातील स्वयंप्रतिपिंडे : अश्रू व लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर शरीराची प्रतिरक्षा यंत्रणाच आघात करते व डोळे आणि तोंड कोरडे पडतात, अशा विकारात रक्तरसात आढळणारी, स्वतःच्याच कोशिकांतील घटकांविरुद्धची प्रतिपिंडे. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन (१८९९–१९८६) यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांचे वर्णन केले. त्यांपैकी १३ जणींना संधिशोथही होता. विकार केवळ डोळ्यांचा नव्हे, हे त्यावरून सूचित झाले. रक्तातील खूण मात्र अज्ञात होती.

मॉरिस राइक्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६९ मध्ये ल्युपस या रोगात एक प्रतिपिंड आढळले, १९७४ मध्ये दुसरे. त्यांच्या प्रतिजनांना रुग्णांच्या नावांतील आद्याक्षरांवरून ‘रो’ व ‘ला’ ही नावे मिळाली. एंग टॅन व सहकारी यांनी १९७५ मध्ये श्योग्रेन विकारात ‘एसएस-ए’ व ‘एसएस-बी’ ही प्रतिजने वर्णिली. दोन्ही जोड्या एकच आहेत, हे १९७९ मध्ये प्रयोगशाळांच्या सहकार्याने सिद्ध झाले. दुहेरी नावे टिकली, आणि ती अगदीच निरर्थक नाहीत : खूण दोन्ही रोगांत आढळत असल्याने ती एकट्याने निदान करीत नाही. २०१६ च्या निकषांत वर्गीकरणास लागणाऱ्या ४ गुणांपैकी रो-प्रतिपिंडास ३ गुण आहेत; ला-प्रतिपिंड वगळले आहे. रो-प्रतिपिंड न आढळल्यास ओठातील लालाग्रंथींची जीवोतक परीक्षा महत्त्वाची ठरते.

रो-प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात व क्वचित त्याच्या हृदयातील आवेगसंवहन कायमचे खंडित करतात. अशा कित्येक मातांना त्या वेळी कसलीच तक्रार नसते. गर्भाचे मंद हृदयस्पंदन हीच मातेतील प्रतिपिंडांची पहिली सूचना ठरते.