शिदोरी : एका अलिखित इतिहासाचें पान

गोपाळकाल्याची कथा ज्याला ठाऊक नाहीं असा माणूस मराठी घरांत विरळाच. यमुनेच्या वाळवंटांत गाई चरावयास सोडून गोपाळ एकत्र जमतात. जो तो आपापली शिदोरी सोडतो. कोणाची भाकरी, कोणाचा दहींभात, कोणाच्या लोणच्याची फोड, असें सर्व एकत्र कालविलें जातें, आणि तो काला श्रीकृष्ण स्वहस्तें सर्वांच्या मुखीं घालतो. संतांनीं ह्या प्रसंगावर अभंग रचिले, कीर्तनकारांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या रंगविला, आणि नामसप्ताहाची सांगता अद्यापहि काल्याच्या कीर्तनानेंच होते. त्या कीर्तनांत पेंद्या येतो, सुदामा येतो; परंतु पहाटे उठून ज्यांनीं त्या शिदोऱ्या बांधिल्या, त्या मातांचा उल्लेख क्वचितच येतो. श्रोत्यांना त्यांत कांहीं उणें वाटत नाहीं, कारण घरोघरीं तोच शिरस्ता आहे.

आमच्या इतिहासाची स्थितीहि ह्याहून फारशी निराळी नाहीं. लढायांच्या बखरी आहेत, तहनामे आहेत, देवस्थानांच्या सनदा आहेत. परंतु एखादें सामान्य कुटुंब मुलांबाळांसह घराबाहेर एक दिवस काढावयास कसें निघूं लागलें, वाटेंत काय खाऊं लागलें, आणि त्या दिवसाची तयारी जिनें केली तिच्या वांट्यास त्यांतून काय आलें, ह्याची बखर नाहीं. तिचीं साधनें दप्तरखान्यांत सांपडावयाचीं नाहींत. तीं जुन्या आत्मचरित्रांत, पाकशास्त्राच्या पुस्तकांत आणि माळ्यावर पडलेल्या पितळी डब्यांत शोधावीं लागतात. तीं पाहतां पाहतां आमची अशी समजूत झाली आहे कीं, आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला घराबाहेर काढण्याचें जें श्रेय आपण आगगाडीला देतों, त्यांतील मोठा वांटा शिदोरीचा आहे. आणि जिच्या शिदोरीमुळें सारें घर बाहेर पडलें, ती स्वतः मात्र पुष्कळ वेळां स्वयंपाकघराबाहेर पडलीच नाहीं.

आगगाडीपूर्वीं कुटुंबानें मिळून बाहेर जाणें नव्हतेंच असें नाहीं. परंतु गृहिणीच्या वाटेच्या शेवटीं बहुधा कोणता तरी देव असावा लागे. कुलदैवताचें दर्शन, जेजुरीची किंवा तुळजापूरची यात्रा, पर्वकाळचें नदीस्नान, हींच तिच्या बाहेर जाण्याचीं मान्य कारणें. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं पर्वतीवर देवालय बांधलें. पुण्याच्या कितीएक पिढ्यांतील स्त्रियांना टेकडीवरची मोकळी हवा मिळाली ती ह्या देवाच्या निमित्तानें. कार्तिकांतील आवळीभोजन हें तर ह्या युक्तीचें उत्तम उदाहरण होय. आवळीच्या झाडाची पूजा करावयाची आणि त्याच्याच छायेंत सर्वांनीं मिळून जेवावयाचें. म्हणजे व्रतहि झालें आणि वनविहारहि झाला. मात्र तीन दगडांची चूल मांडून त्या झाडाखालीं स्वयंपाक करावयाचा तो गृहिणीनेंच. वन बदललें, काम बदललें नाहीं. शेतकऱ्याच्या घरची कारभारीण तर डोक्यावर पाटी घेऊन रोजच शेताच्या बांधावर भाकरी पोंचवीत आली आहे. तिच्या त्या चालण्याला सहल असें कोणीं म्हटलें नाहीं.

ज्या घरांत सोवळें कडक, त्या घराला प्रवास म्हणजे एक संकटच होतें. पाण्यांत शिजविलेलें अन्न खरकटें. तें सोवळ्यांत रांधावें, रांधलें त्या जागींच जेवावें आणि परक्याच्या स्पर्शापासून जपावें, असा नियम. हा नियम किती टोकास जाऊं शके, तें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचें वर्णन वाचावें. ज्यांना हें सोवळें उंबरठ्याबाहेर ठेवीत असे, त्यांच्या दृष्टीनें तो उघड अपमान होता. तें विसरून त्या नियमांचें कौतुक करणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्या नियमांच्या कुंपणांतून गृहिणीनें जी वाट काढली, तिचें कौतुक केल्यावांचूनहि राहवत नाहीं.

तिनें कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजविली, आणि तिची दशमी झाली. दुधांत भिजविलेल्या पिठाला सोवळ्याची तितकीशी बाधा नाहीं, असें शास्त्री सांगत. आणि त्या दुधामुळेंच दशमी मऊ राहून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, हें गृहिणीला अनुभवानें ठाऊक होतें. तीच गोष्ट लाडवांची व भाजलेल्या पिठांची. मेतकूट, तिळाची चटणी, मुरलेलें लोणचें, साखरांबा, ह्यांना चूल नको, पाट नको कीं पान नको. पाण्यासाठीं फिरकीचा तांब्या होता. त्याचें झांकण फिरवून घट्ट बसविलें म्हणजे घरचें पाणी कोसच्या कोस सांडत नसे. ह्या सर्व वस्तु एका फडक्यांत बांधल्या कीं स्वयंपाकघरानें चालावयास आरंभ केला असें समजावें. ह्या सुधारणेसाठीं कोठें सभा भरली नाहीं, कीं ठराव झाला नाहीं. धर्म मोडल्याचा बोभाटा न होतां धर्माचा पाश सैल झाला, तो परातीमध्यें.

अशी तयारी घरोघरीं होती, म्हणूनच आगगाडी आली तेव्हां तिच्यांत बसणें शक्य झालें. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीन वाजतां बोरीबंदराहून चौदा डब्यांची पहिली गाडी सुमारें चारशें पाहुणे घेऊन ठाण्यास निघाली. तें अंतर अवघें एकवीस मैलांचें. पुढें दहा वर्षांनीं, १८६३ सालीं, बोरघाटांतून रूळ गेले, आणि मुंबई व पुणें हीं दोन शहरें सलग जोडलीं गेलीं. रूळ घालणारांच्या डोळ्यांपुढें कापूस होता, लष्कर होतें. आमच्या घरांतील मुलांना घाट दाखवावा हा त्यांचा हेतु नव्हता. शिवाय तिसऱ्या वर्गाच्या बांकावर कोण कोणाशेजारीं बसेल ह्याचा नेम नसे. अशा ठिकाणीं जेवावें कसें ? त्याला उत्तर दशम्यांच्या फडक्यांत तयार होतें. प्रथम तोंड भिंतीकडे करून खाल्लें गेलें असेल; मग मुलानें शेजारच्या मुलाला लाडू दिला असेल; आणि कोणा एका आईनें तें पाहूनहि न पाहिल्यासारखें केलें असेल. ह्याची नोंद कोठेंहि नाहीं. तरी पंक्तीचे नियम सैल झाले ते अशाच पाहूनहि न पाहण्यानें झाले, असें आम्हांस वाटतें.

घराबाहेर पडणें हें त्या काळच्या स्त्रीला नुसती हवापालट नव्हती. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, घरांतील वडील स्त्रियांचा त्यांच्या शिकण्याला कसा विरोध होता तें लिहिलें आहे. न्यायमूर्तींच्या फिरतीच्या नोकरींत त्यांच्याबरोबर केलेल्या प्रवासांचीहि हकीकत त्यांत आहे. ज्या घरांत पुस्तक हातीं धरल्याबद्दल टोमणे ऐकावे लागतात, त्या घरापासून चार दिवस दूर जाणें म्हणजे काय, हें दोन्ही हकीकती शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे कळतें.

मुंबईंत ह्याच काळांत एक नवीन प्रकार सुरू झाला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. पुढें तेथें जनावरेंहि आलीं. १८७४ पासून घोड्यांची ट्राम धांवूं लागली, व १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली. त्याच १९०७ सालीं नेरळहून माथेरानास जाणारी लहान गाडीहि सुरू झाली. ह्या सहलींच्या शेवटीं देव नव्हता. हत्ती होता, झाडें होतीं, समुद्राचा वारा होता. चाळींत दोन खोल्यांत राहणाऱ्या गृहिणीला बाहेर पडण्यासाठीं आतां व्रताची गरज राहिली नाहीं, मुलांचें निमित्त पुरेसें झालें. देवाच्या जागीं मूल आलें. मात्र स्वतःकरितां म्हणून बाहेर जाणें, हें कारण त्या यादींत अजूनहि नव्हतें.

ह्याच सुमारास तिची विद्या छापून येऊं लागली, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. मराठींतील आरंभींचें पाकशास्त्राचें पुस्तक 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें; त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातांत असलेलें शास्त्र ग्रंथरूप झालें तें पुरुषाच्या नांवानें ! पस्तीस वर्षांनीं, १९१० सालीं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' बाहेर पडलें. ज्या सालीं रमाबाईंच्या आठवणी आल्या त्याच सालीं हें पुस्तकहि यावें, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो : एकीनें आयुष्य लिहिलें, दुसरीनें आयुष्याचें काम लिहिलें. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांनीं 'रुचिरा'मध्यें वाटी-चमच्यांचीं मापें दिलीं, आणि सासूच्या अंदाजावर चाललेला स्वयंपाक नव्या सुनेला पुस्तकावरून करतां येऊं लागला. 'अंदाजानें घाल' ह्या दोन शब्दांत किती वर्षांचा अभ्यास दडलेला असतो, तें अशीं पुस्तकें चाळतांना ध्यानांत येतें.

येथें एक घरची गोष्ट सांगण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी. आमच्या लहानपणीं आम्ही सर्व कुटुंबीय एकदां सिंहगडावर गेलों होतों. मातोश्री पहाटे चारला उठल्या. स्टोव्हचा आवाज झोंपेंत ऐकूं येत होता. उजाडेपर्यंत दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, असें सर्व पुडाच्या डब्यांत भरून झालें होतें. गडावर वडिलांनीं आम्हां भावंडांना तानाजीचा कडा दाखविला, १६७० सालच्या त्या रात्रींची कथा सांगितली. आम्ही समाधीपाशीं गेलों, टाक्याचें थंड पाणी प्यालों. मातोश्री एका झाडाखालीं डब्यांपाशीं बसून होत्या. माकडें होतीं, आणि सर्वांत धाकटें भावंड निजलें होतें. आम्ही परत आलों तों पानें मांडलेलीं होतीं. पुष्कळ वर्षांनीं, त्या थकल्यानंतर, आम्हीं त्यांना विचारलें, "आई, सिंहगड आठवतो का हो ?" त्या म्हणाल्या, "आठवतो तर ! त्या दिवशीं चटणींत मीठ कमी पडलें होतें." कड्याविषयीं विचारतां म्हणाल्या, "तो मीं कोठें पाहिला ? तुम्हीं येऊन सांगितलात तेवढाच."

ह्या उत्तरांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस आजवर सलत आहे. अशा स्त्रियांना केवळ दीन समजणें अन्यायाचें होईल. घरांतील दहा माणसांच्या दहा आवडी ध्यानांत ठेवणें, चार आण्यांत चौघांचा डबा भरणें, ह्यांत त्यांची बुद्धि होती आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. परंतु त्या अभिमानाचा आधार घेऊन 'तिला त्यांतच आनंद वाटे' असें म्हणणें आपल्या फार सोयीचें असतें. 'अन्नपूर्णा' हा गौरवाचा शब्द खरा. मात्र तो उच्चारून डबे उचलण्याच्या कामांतून आपण किती सहज सुटतों, ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आतां दिवस पालटले आहेत. १९३० सालीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणींत जेवणाचा डबा आला, तेव्हांच वाटेंतलें अन्न विकत घेण्याची चाहूल लागली होती. आज हमरस्त्यावर हवें तें ताटांत मिळतें. सिंहगडावर गेलेलीं कुटुंबें तेथेंच पिठलें-भाकरी व मडक्यांतील दहीं घेतात, आणि घरच्या गृहिणीला एक दिवस तरी सुटी मिळते. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र ती भाकरी थापणारी, दह्याचीं मडकीं चढावरून वाहून आणणारी स्त्रीहि कोणाची तरी आई असते, आणि आपल्या सहलीचा दिवस हा तिच्या कामाचा दिवस असतो, एवढें ध्यानांत असावें. शिदोरीचें ओझें नाहींसें झालें नाहीं. तें एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेलें, इतकेंच. फरक हा कीं, ह्या दुसरीला निदान मोल मिळतें.

ज्यांच्या घरीं अद्याप कोणी वृद्ध आई, आजी किंवा मावशी असेल, त्यांनीं जुन्या सहलींच्या आठवणी त्यांना अवश्य विचाराव्यात, आणि त्यांनीं तेथें काय केलें ह्याबरोबरच त्यांचें काय पाहावयाचें राहिलें, हेंहि विचारावें. आमच्या अलिखित इतिहासाचें पुष्कळसें पान ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. आणि पुढच्या खेपेस डब्यांपाशीं दुसऱ्या कोणीं तरी बसावें. काल्याच्या कथेंत सर्वांना वाढण्याचें काम स्वतः भगवंतानें केलें होतें, हें आम्ही दरवर्षीं ऐकतों. ऐकून हात जोडतों, प्रसाद घेतों, आणि घरीं येऊन पानावर बसतों.