ओवी व अभंग : रचनाविचार

मराठीतील दोन प्राचीन व परस्परसंबद्ध अक्षरछंद. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात, असा उल्लेख आहे. श्रमगीतांचा हाच छंद ज्ञानेश्वरांनी गीतेच्या भाष्यासाठी योजिला. ज्ञानेश्वरीत (१२९०) ७०० श्लोकांचा अर्थ सुमारे ९,००० ओव्यांत विस्तारला आहे.

ग्रंथांतील ओवी साडेतीन चरणांची मानतात. पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक असते. चौथा चरण आखूड व यमकरहित असतो. अक्षरसंख्या मात्र निश्चित नसते : ज्ञानेश्वरांची ओवी आटोपशीर, तर एकनाथांची दीर्घ आहे. मोठ्या अभंगात ही संख्या स्थिर होते. त्याचे पहिले तीन चरण प्रत्येकी सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असून यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत साधलेले असते. लहान अभंगात बहुधा आठ अक्षरांचे दोन सयमक चरण येतात.

लघुगुरूंचा क्रम ठरलेला नसल्याने संस्कृत गणवृत्तांच्या मापाने हे छंद शिथिल भासतात. माधवराव पटवर्धन यांनी छंदोरचना (१९३७) या ग्रंथात वृत्त व जाती यांहून छंद हा वेगळा वर्ग मानला आणि छंद म्हणताना प्रत्येक अक्षर सामान्यतः दीर्घ उच्चारले जाते, असे दाखविले. छंदाचा नियम अशा रीतीने उच्चारात सापडतो. चौथ्या चरणाचा आखूडपणाही त्यामुळे उणीव ठरत नाही. तेथे स्वर विसावतो व विचार पूर्ण होतो. तत्त्वविवेचन आणि संसारातील सुखदुःख ही दोन्ही पेलण्याचे ओवीचे सामर्थ्य या रचनेतच आहे. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) गाण्यांतही त्याचा प्रत्यय येतो.