मुतखड्याचे दप्तर

ताप उतरला म्हणजे तो वैद्याच्या मात्रेने उतरला की आपली मुदत भरली म्हणून उतरला, याचा निवाडा करणे प्रत्यक्ष धन्वंतरीलाही जड जावे. परंतु मुतखडा ही चीज तशी नव्हे. तो बाहेर आला तर तळहातावर घेता येतो, तागडीत तोलता येतो, डबीत घालून पाहुण्यारावळ्यांना दाखवता येतो. आणि तो काढण्याच्या खटपटीत रोगीच दगावला तर तेही आठ-पंधरा दिवसांत साऱ्या गावाला कळते. उपचाराचा गुण खरा की नुसता मानलेला, हे आकड्यांच्या साक्षीने ठरवण्याची रीत वैद्यकात रुजू लागली, तेव्हा तिचे आरंभीचे काही नामांकित खटले या एका दुखण्यावर लढले गेले. यात मला तरी नवल वाटत नाही. ज्याचा हिशेब ठेवता येतो, त्याचाच हिशेब प्रथम मागितला जातो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रकर्माचे जे वर्णन आहे, ते वाचताना लिहिणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिले होते याविषयी संशय राहत नाही. गुडघाभर उंचीच्या फळीवर एक धिप्पाड, न भिणारा मनुष्य बसवावा; तेलाने मर्दन केलेल्या रोग्याला त्याच्या मांडीवर टेकवून गुडघे व कोपरे वस्त्राने आवळून बांधावीत; वैद्याने नखे काढून, तेल लावून डाव्या हाताची दोन बोटे गुदमार्गात सरकवावीत, खडा पुढे लोटून गाठीसारखा वर आणावा आणि मधल्या शिवणीच्या डाव्या अंगाला, तिच्यापासून जवभर अंतर राखून, खड्याच्या बेताचा छेद घ्यावा. खडा फुटू देऊ नये, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा वाढतो, ही ताकीदही तेथे आहे. परंतु मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते ते शस्त्राआधीचे वाक्य: काही केले नाही तर मरण निश्चित, केले तर संशय, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा. शंभरांत किती वाचतात हे ग्रंथकार सांगत नाही. पण ज्या कर्माचा परिणाम अनिश्चित, त्याची जोखीम आधी उघड बोलावी, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी आहे.

युरोपात या कर्माची अवस्था दीर्घकाळ काही निराळी नव्हती. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य खड्यावर शस्त्र चालवणार नाही, ते काम त्या धंद्यातल्या माणसांवर सोपवील, असे वचन देतो. आणि ती धंद्यातली माणसे गावोगाव फिरत, खडा काढीत, बिदागी घेत आणि जखम चिघळण्यापूर्वी पुढच्या गावाला लागत. फ्रान्सात भिक्षूच्या वेषात हिंडणाऱ्या फ्रेर झाकने 1698 साली पॅरिसच्या इस्पितळांत साठ रोग्यांवर हात चालवला, त्यांपैकी पंचवीस मेले. तो पुढच्या गावाला गेला असता तर हे कोणी मोजले नसते; इस्पितळात रोगी खाटेवर राहतो, आणि खाट मोजता येते. याच्या उलट बाजूला लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स. 26 मार्च 1658 रोजी त्याच्या मूत्राशयातून टेनिसच्या चेंडूएवढा खडा निघाला, तो वाचला, त्याने खड्यासाठी खास पेटी करवून घेतली आणि पुढे त्या तिथीला मित्रांना जेवायला बोलावण्याचा शिरस्ता ठेवला. वाचलेला मनुष्य मेजवान्या देतो, मेलेला तक्रार करीत नाही. म्हणून एखाद्या कारागिराची कीर्ती केवळ त्याच्या वाचलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकणे धोक्याचे.

हे ओळखून स्वतःच्या मेलेल्या रोग्यांचीही नोंद छापणारा मनुष्य म्हणजे लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळाचा विल्यम चेसेल्डन. बाजूने छेद घेण्याची रीत त्याने 1727 च्या सुमारास बसवली, आणि तिच्या आधारे एका मिनिटाच्या आत खडा हाती घेण्याइतके त्याचे कसब वाढले. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात त्या मिनिटाची किंमत रोग्याखेरीज कोणाला कळणार! पण कसबापेक्षा त्याचा तक्ता मोठा आहे. इस्पितळात एकंदर 213 जणांवर शस्त्रकर्म, मृत्यू 20. आणि तेवढ्यावर न थांबता वयवार फोड: दहा वर्षांखालचे 105, पैकी मेले 3. दहा ते वीस वर्षांचे 62, मेले 4. पुढे पन्नास ते साठ वर्षांचे अवघे 7, पण मेले 4. एखाद्या कारकुनाने महसुलाचा ताळेबंद मांडावा तशा कोरडेपणाने मांडलेल्या या ओळी वाचल्यावर बापाला समजते की सहा वर्षांच्या मुलासाठी काय आशा धरावी, आणि आजोबांना समजते की आपण काय पत्करतो आहोत. या तक्त्यात आणखी एक गोष्ट लपलेली होती. तिच्याकडे मी पुढे येतो.

त्याच लंडनात, त्याच काळात, सुरी टाळण्याच्या आशेने सबंध पार्लमेंट फसले. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईने खडा विरघळवणारे औषध आपल्यापाशी असल्याचे जाहीर केले आणि त्याची कृती उघड करण्यासाठी पाच हजार पौंड मागितले. लोकवर्गणी पुरली नाही तेव्हा 1739 साली कायदा करून सरकारी खजिन्यातून इनाम देण्याचे ठरले. कृती छापून आली तेव्हा तिच्यात भाजलेली अंड्यांची टरफले, भाजलेल्या गोगलगाई आणि साबण असा मालमसाला निघाला. नेमलेल्या पंचांनी चार रोग्यांची सळई घालून तपासणी केली, आधी लागलेला खडा नंतर सळईला लागला नाही, आणि पुढच्या वर्षी रक्कम अदा झाली. चार साक्षीदार हजर होते. ज्यांनी ते औषध पोटभर घेतले आणि ज्यांचा खडा होता तिथेच राहिला, त्यांची जबानी मात्र त्या चौकशीत घेतली गेली नाही.

1824 च्या जानेवारीत पॅरिसच्या नेकेर इस्पितळात झाँ सिव्हियालने मूत्रमार्गातून आत सरकवलेल्या यंत्राने, कोठेही छेद न घेता, मूत्राशयातला खडा फोडून दाखवला. पुढे त्याने युरोपभरच्या नोंदी गोळा करून विज्ञान अकादमीपुढे मुकाबला मांडला: छेद घेऊन केलेली 5,443 प्रकरणे, मृत्यू 1,024, म्हणजे शेकडा अठराच्या वर, खडा फोडण्याच्या रीतीने शेकडा दोन-अडीच. 1835 साली ज्या समितीने या कैफियतीवर मत दिले, तिच्यात प्वासाँसारखा गणिती आणि नेपोलियनच्या फौजेचा सर्जन लारे असे मातबर होते. त्यांचा आक्षेप असा की गणनेत माणूस नाहीसा होतो आणि वैद्यापुढे तर प्रत्येक वेळी एकच माणूस असतो. या आक्षेपाची पुढे पुष्कळ टिंगल झाली. मला तो अर्धा खरा वाटतो. फोडण्यासाठी लहान खड्याचे, धडधाकट रोगी निवडून घ्यायचे आणि मोठे, जुनाट, खचलेले रोगी सुरीकडे पाठवायचे, मग दोन्हींचे शेकडे शेजारी लिहायचे, ही एका तागडीत धान्य आणि दुसरीत भुसा तोलण्यासारखी गोष्ट झाली. परंतु त्यावर उपाय मोजणे सोडून देणे हा नव्हता. सारखे रोगी सारख्या वाटणीने दोन्हीकडे घालून मोजणे हा होता. तो रुळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने 1878 साली खडा फोडणे आणि चुरा धुऊन काढणे एकाच बैठकीत उरकण्याची पद्धत काढली, तेव्हा विलायतेतल्या थोरांचे म्हणणे पडले की ही रीत प्रौढांपुरती. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, तेथे सुरीच हवी. या समजुतीला धक्का बसला तो होळकरांच्या इंदुरात. तेथील रेसिडेन्सी सर्जन डेनिस कीगन याच्याकडे मुतखड्याची मुले इतकी येत की त्याने बेताची, बारीक यंत्रे वापरून त्यांचेही खडे फोडले आणि प्रकरणामागून प्रकरण छापून लंडनच्या मंडळींना गप्प केले. अनुभवाचा पुरवठा येथे होता, अधिकारवाणी तेथे. दप्तराने या वेळी अधिकारवाणीला हरवले.

पण एवढी मुले का येत होती? येथेच चेसेल्डनचा तक्ता पुन्हा उघडावा लागतो. 213 पैकी 105 रोगी दहा वर्षांखालचे, निम्मे. मूत्राशयातला खडा हे बव्हंशी गरीब घरच्या मुलांचे दुखणे होते, लंडनमध्येही आणि सिंध, पंजाब, राजपुतान्यातही. नीलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसनने 1920 ते 1931 च्या दरम्यान उंदरांना नुसत्या धान्याचा आहार घातला, तेव्हा कित्येकांच्या मूत्राशयात खडे धरले. त्याच आहारात दुधाची भर घातली तेव्हा ते टळले. सुरी, चिमटा, सळई यांच्या शेकडो वर्षांच्या वादात कारण जाऊन बसले होते ते मुलाच्या ताटात. जसजसे ताट सुधारले तसतसा मुलांचा हा आजार ओसरत गेला, आणि आज आपल्याभोवती जो मुतखडा दिसतो तो बहुधा मूत्रपिंडातला, प्रौढांचा.

त्यावरही औषधांची रेलचेल आहेच. अडकलेला खडा लवकर उतरावा म्हणून टॅमसुलोसिन देण्याची चाल जगभर पडली होती. ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हजारांवर रोगी वाटून केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, पुढच्या उपचाराची गरज पडली नाही असे रोगी त्या गोळीने शेकडा 81 आणि औषध नसलेल्या गोळीने शेकडा 80 निघाले. आपल्या घरांत हुलग्याचे कढण आणि पाषाणभेद चालतात. हुलगे अश्मरीला चांगले असे जुने ग्रंथही म्हणतात. कढणात हुलगे किती आणि पाणी किती, हे मात्र कोणत्याही आजीने मला सांगितलेले नाही.

तो प्रश्न पाण्यापुरता सुटला आहे. इटलीतल्या पार्मा येथे पहिला खडा पडून गेलेल्या 199 रोग्यांचे दोन गट पाडले. एकाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही, आणि पाच वर्षे नोंद ठेवली. 1996 साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा: पाणी पिणाऱ्या 99 जणांपैकी 12 जणांना खडा पुन्हा झाला, दुसऱ्या गटातल्या 100 पैकी 27 जणांना.